उरलेले थेंब

सुधाच्या काचबिंदूच्या औषधाची बाटली मी खिडकीतल्या उजेडात धरली. महिन्याची बाटली, उघडल्याची तारीख मीच खोक्यावर लिहिलेली. काल महिना संपला, तरी तळाशी औषध होतं.

"हे उरलं कसं गं?"

"चैत्रातल्या हळदीकुंकवांना जायचं असलं की सकाळचे थेंब घातले नाहीत," ती म्हणाली. "आग होते, डोळे लालभडक होतात. परवा शेजारच्या वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'भावजी ओरडले वाटतं!' लोकांच्या घरी सणाला रडके डोळे घेऊन जायचं?"

"किती दिवस?"

"नऊ असतील. दिसतंय की मला!"

काचबिंदू दुखत नाही, औषध मात्र झोंबतं. म्हणून माणूस औषधालाच आजार समजतो. नजर कडांकडून कमी होत जाते आणि गेलेली परत येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं होतं. नऊ दिवसांत किती गेली, की काहीच गेली नाही, हे मला कुठेच मोजता येईना.

"कमी झोंबणारं मिळतं का, उद्या डॉक्टरांना विचारू."

"विचारा. तोवर घाला हेच."

मी नवी बाटली उघडून थेंब घातले. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि ती समोर भिंतीकडे बघत बसली. गालावर पाणी ओघळत होतं. ते पुसायला मी रुमाल तिच्या डाव्या बाजूने हळूहळू पुढे आणला. तो गालाला टेकला, तेव्हा ती दचकली.

"केवढा गार आहे!" ती हसून म्हणाली.

रुमाल कोरडा होता, अजून इस्त्रीने उबदार.