यकृताच्या नसलेल्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे आत्याबाई म्हणायचे. वय तेहतीस, अंगाने काडी, पण कुणी हातमोजे न घालता पेशींच्या कपाटाजवळ गेलं की असा आवाज लावायची की प्राध्यापकसुद्धा दोन पावलं मागे सरकत. मी तिच्यानंतर दोन वर्षांनी पीएचडीला आलो. पिपेट धरायला मला तिनेच शिकवलं. तिच्याबद्दल लिहायला बसलं की आजही माझं डोकं फिरतं.

आमच्या गाइडना सगळे नुसतं सर म्हणत. त्यांचं नाव झालं होतं ते यकृताच्या पेशींमुळे. तरुणपणी त्या त्यांनी स्वतः तयार केल्या होत्या. नवा विद्यार्थी आला की पहिल्याच आठवड्यात सर द्रव नायट्रोजनच्या टाकीतून त्या पेशींची एक कुपी स्वतःच्या हाताने काढून देत. आम्ही ती दोन्ही हातांनी घ्यायचो. आता लाज वाटते.

सहा वर्षं आत्याबाई त्या पेशींच्या दावणीला बांधलेली होती. दर दोन दिवसांनी जुनं द्रव काढायचं, नवं घालायचं, नाहीतर पेशी मरतात. त्यांना ना रविवार कळतो ना आजारपण. सख्ख्या बहिणीच्या लग्नातून ही भर दुपारी उठून आली, कारण पेशींना खायला घालायचं होतं. आई फोनवर विचारायची, "काय गं, तुझं ते अजून शिजतंयच का?"

सहाव्या वर्षी तिला कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय. यकृताची पेशी एक ठरावीक प्रथिन बनवतेच. या बनवत नव्हत्या. शिवाय तणासारख्या वाढायच्या. चाचणीचं नाव काढलं तर सर म्हणाले, "माझ्या पेशी तपासायच्या म्हणजे मलाच तपासायचं." मग तिने न विचारताच नमुने डीएनए चाचणीला पाठवले, तिचे आणि माझेही. अहवाल आला. यकृताचा मागमूस नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या पेशी होत्या त्या, दुसऱ्यांच्या बाटल्यांत घुसखोरी करण्यासाठी जगभर बदनाम असलेल्या.

तिने जुन्या नोंदवह्या उपसल्या. चौदा वर्षांपूर्वीच्या एका पानावर सरांच्याच अक्षरात सगळं होतं. त्या दिवशी त्यांनी यकृताच्या आणि या कर्करोगाच्या, दोन्ही पेशींना एकाच बाटलीतलं द्रव एकाच पिपेटने घातलं होतं. ज्या चुकीसाठी आत्याबाईने पहिल्या वर्षाच्या पोराला फाडून खाल्लं असतं, ती चूक! एखादा थेंब परत बाटलीत गेला असणार. पुढचा सगळा साठा त्यातूनच गोठवला गेला, आणि त्यावर नऊ प्रबंध झाले. त्या थेंबाचा मला राग नाही. हात कुणाचाही चुकतो. राग आहे तो पुढच्याचा.

"जूनमध्ये प्रबंध दे," तिने अहवाल समोर ठेवल्यावर सर तिला म्हणाले. "त्या कागदाचं नाव काढू नकोस. डॉक्टर हो आणि सुखाने जा."

"पण सर, मी सहा वर्षं कशावर काम केलं म्हणून लिहू?"

"कुपीवर जे लिहिलंय तेच लिही."

हे बोलताना ते चहात साखर ढवळत होते. कुणाची सहा वर्षं पाण्यात गेली होती, आणि हा माणूस साखर ढवळत होता!

बाहेर येऊन तिने आईला फोन लावला. आई शिवणकाम करायची. तिला पेशीबिशी काय कळणार, म्हणून आत्याबाईने इतकंच सांगितलं की पहिलंच माप चुकलं होतं.

"मग उसव की," आई म्हणाली. "चुकलेलंच कुणाच्या अंगात घालणारेस का?"

आत्याबाई हसली, आणि मग जिन्यात बसून रडली. डोळे पुसून मला म्हणाली, "सोमवारच्या बैठकीत मी अहवाल दाखवणार. तुझ्याही पेशींचा आहे त्यात. माझ्यानंतर तू उठशील ना, बाळा?"

मी म्हटलं, "हा काय प्रश्न झाला?"

सोमवारी तिने पडद्यावर अहवाल लावला, नोंदवहीचं पान लावलं, आवाज न चढवता सगळं सांगितलं आणि खाली बसली. सरांनी चष्मा पुसला. "आणखी कुणाला असं वाटतं का?"

आम्ही अकरा जण होतो. मी वहीची पानं उलटत होतो, जणू त्यात काही सापडायचं होतं. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"छान," सर म्हणाले. "पुढचा विषय."

तिच्या प्रबंधावर सरांनी सही केली नाही. विद्यापीठाने तिच्या अर्जांना उत्तरं दिली नाहीत. आत्याबाई आज एका दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते. सरांना मागच्या वर्षी उत्तम मार्गदर्शक म्हणून गौरवलं, आणि टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत होतो.

मला पदवी मिळाली. माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर तिचं नाव आहे. त्यानंतरच्या एकशे ऐंशी पानांत मी त्या पेशींना यकृताच्याच म्हटलं आहे.