बोलत चालणारी बाई

सातपुड्यात, चोपड्याच्या वरच्या अंगाला भटकत होतो. मोहफुलं वेचून परतणारी एक बाई वाटेत भेटली. डोक्यावर टोपली आणि तोंड अखंड चालू. सुनेनं भाजी खारट केली, शेळी व्यायली, सगळं मोठमोठ्यानं जंगलाला सांगणं चाललेलं. मला हसू आलं. ते तिनं पाहिलं.

"भाऊ, अस्वलले कमी दिखस. आपन आचानक समोर गऊत की ते भ्यास, मंग अंगवर येस. म्हनीसन बोलत चालनं."

पुढच्या वळणावर तिच्या पायात काटा मोडला. ती खाली बसली आणि गप्प झाली.

थोड्या वेळात खालच्या पाड्यातून तिचा नवरा काठी घेऊन धापा टाकत वर आला. म्हातारा होता. अर्ध्या गालावर नखांचे जुने, खोल व्रण.

"काबरं गप बठनी वं?"

"काटा मोडना पायमा."

त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला, पण हात इतका थरथरत होता की काटा धरता येईना. मग ती पुन्हा शेळीचं सांगू लागली, तितक्याच मोठ्यानं. तेव्हा कुठे त्याचा हात थांबला आणि काटा निघाला.