रिलीव्हर येईपर्यंत

भर समुद्रात, तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर, चौदा-चौदा दिवस तीच माणसं आणि तीच डाळ. किस्से साचणारच. त्यात कित्येक वर्षं नोकरभरती नाही, त्यामुळे किस्सेही आमच्याबरोबर म्हातारे होत चाललेत!

मी युसूफवडगाव या गावचा, कांबळेदादा नेकनूरचे. बीडकडचे आता आम्ही दोघंच उरलोय. दादा कॉम्प्रेसरचे मेकॅनिक, या महिनाअखेरीला रिटायर. पण आमच्याकडे बदलीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, हेलिकॉप्टरमधून उतरल्याशिवाय जुन्याला चढता येत नाही. दादांना घरी जायचंय. रिलीव्हर कोण, ते ऑफिस सांगत नाही.

*

आमच्यातला सगळ्यात तरुण म्हणजे बारक्या. नवा आला तेव्हा हे नाव पडलं. त्याच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून तेच चिकटलं.

परवा बारक्यानं पेढे वाटले. नातू झाला!

*

फायर ड्रिल होती. भोंगा वाजला की सगळ्यांनी लाइफबोटीपाशी जमायचं. हजेरीत एक माणूस कमी. बऱ्याच वेळानं देशपांडे धापा टाकत आले.

"कवळी सापडत नव्हती."

सेफ्टी ऑफिसर वैतागला, "अहो, आग लागल्यावर चावायचंय काय?"

खूप हसलो. मग गुडघे दाबत दाबत जिना चढलो.

*

दादांनी तीन कंत्राटी पोरं तयार केली. तिघंही चांगल्या पगारावर आखातात गेली. त्यातला उमापूरचा अजून फोन करतो.

"दादा, ह्यो व्हॉल्व्ह कंच्या बाजूला फिरवू?"

दादा आधी शिव्या घालतात, मग सांगतात, "डावीकडं फिरव बे!"

*

मागच्या सुट्टीत नेकनूरच्या स्टँडवर माझ्यासमोरच दादांनी डिप्लोमावाल्या पुतण्याला गळ घातली. "लई चांगली नोकरी हाय. चौदा दिवस काम, चौदा दिवस घरी."

"न्हाई जमायचं, काका. आदीच पोरगी मिळंना. एकीला इचारलं, तर म्हनली, नवरा अर्धा महिना, मग लग्नबी अर्धंच करू!"

मला हसू आवरेना. दादा माझ्यावरच उखडले, "कावून हसतो बे? आता माझ्या जागी कोन येनार?"

*

शेवटी तो दिवस आला. दादा सकाळपासून बॅग घेऊन हेलिपॅडजवळ उभे. मला वाईट वाटत होतं, खरं सांगतो. दादा गेल्यावर माझ्याशी गावाकडचं बोलणारं कुणी उरणार नव्हतं.

हेलिकॉप्टर उतरलं. सगळ्यात शेवटी एक माणूस कठडा धरून, एकेक पायरी करत खाली आला. त्यानं हेल्मेट काढलं.

मोरेसाहेब! पाच वर्षांपूर्वी रिटायर झालेले. दादांना कॉम्प्रेसर शिकवला तो यांनीच आणि जाताना त्यांच्याच हाती सोपवून गेले. आता कंत्राटावर परत.

"जयभीम, साहेब… तुमी?"

मोरेसाहेबांनी दम खाल्ला, चष्मा पुसला.

"कांबळे, जायच्या आधी मला सगळं एकदा शिकवून जा. मी विसरलोय!"

पंखा फिरतच होता. दादांनी हेलिकॉप्टरकडं पाहिलं आणि बॅग खाली ठेवली.