पाच पाठी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तारनाक्याच्या घरी पुस्तकांवरची धूळ पुसत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ये गं लवकर." रिक्षा दादाच्या घराकडे, अंबरपेठच्या बाजारापाशी वळली आणि उगाच वाटलं, तो मागून चालत येत असेल...

फौजेत, युद्धाच्या दिवसांत, गस्तीच्या रांगेत माझा हा भाऊ सर्वांत शेवटी असे. शेवटच्याने अधूनमधून वळून मागे बघायचं, हे त्याचं काम. नोकरी संपली, सवय राहिली. बाजारात निघालो की तो आमच्या मागे, आणि जरा पुढे गेलं की थबकून वळायचा. भाजीवाला यादगिरी चिडवायचा, "हवालदार साब, कोई नै आरा पीछे. टमाटे लेव." दादा हसायचा, टोमॅटो घ्यायचा आणि पुन्हा वळून बघायचा.

निवृत्तीनंतर तो चित्रकला शिकला आणि एकाच चित्रात गुंतला. बर्फाचा चढ, एकामागोमाग पाच शिपाई, सगळे पाठमोरे. वहिनी म्हणायची, "तोंडं जमत नाहीत म्हणून सांगा की सरळ." तो शांतपणे म्हणायचा, "तोंडं छावणीत बघितली. चालताना मला पाठीच दिसायच्या." मग ब्रशच्या टोकाने दाखवायचा, हा डावा खांदा पाडून चालायचा, हा गुणगुणायचा म्हणून मान तिरकी. सर्वांत जवळची पाठ दादाच्या लगेच पुढे चालणाऱ्याची. तो शिपाई युद्धातून परत आला नाही. ती पाठ दादा पुसायचा, पुन्हा रंगवायचा. तिच्याविषयी मात्र बोलत नसे.

माझा एकच हट्ट होता, या चित्रात तूही हवास. शेवटच्या भेटीतही म्हणाले. "काढतो गं," तो म्हणाला, "घाई काय आहे?"

परवा वहिनीकडे गेले ती हेच शोधायला. चित्राचे कोपरे निरखले, बर्फातल्या सावल्या पाहिल्या. सहावा माणूस कुठेच नव्हता. मला त्याचा रागच आला. एवढंसं काढायला काय झालं होतं...

वहिनी स्वयंपाकघरातून आली. मला दंडाला धरून दोन पावलं मागे नेलं, फरशीवर रंगाचे डाग पडले होते तिथे. "इथं उभी राहा. ते इथूनच बघायचे."

तिथून ती जवळची पाठ अगदी हाताच्या अंतरावर चालत असल्यासारखी दिसली. पिशवीचा पट्टा, त्याखाली चुरगळलेला कोट. पुढे चौघे, मग नुसता बर्फ. मग मी मान वळवून मागे बघितलं.