जनरलची नजर

फोर्तुनातो वाल्पाच्या तोंडाला कुंपण नव्हतं. उंच माळावर त्याचं जनावरांचं एक दगडी वाडगं होतं, वाडग्यात लोकरीसाठी पाळलेल्या वीसेक अल्पाका माद्या होत्या, आणि त्या सगळ्यांच्या वर फोर्तुनातोचा रुबाब. त्या वर्षी पाऊस सुरू होताच त्यानं गावाला ऐकवलं, "यंदा माझ्या माद्यांना इथला कुठलाही लुंगासुंगा नर शिवणार नाही. मी पांढराशुभ्र नर आणतोय. पुढच्या साली माझं वाडगं बघाल तर बर्फ पडलाय असं वाटेल!"

नर ठरला होता, त्याचं नावही ठरलं होतं: जनरल. पण जत्रेत बक्षिसाची फीत गळ्यात पडली की मगच त्याला वाजतगाजत आणायचा, असा फोर्तुनातोचा हट्ट. फितीशिवाय प्रवेश कसला?

माळावर पाऊस आहे तोवर गवत, आणि गवत आहे तोवरच माद्या विणार नि पुन्हा फळणार. एकदा का दंव पडायला लागलं की खेळ खलास. या पावसात माद्या भाकड राहिल्या तर पुढच्या साली वाडग्यात पिल्लाचा आवाज नाही. हे त्याच्या बायकोला, बेनेदिक्ताला, कळत होतं. फोर्तुनातोलाही कळत होतं, पण त्याला फीत हवी होती.

"अरे, पाऊस काय तुझ्या फितीसाठी थांबणाराय?" ती म्हणाली.

"तू चुलीचं बघ. वंशाचं मी बघतो!" अंगावरचा लोकरी पोंचो झटकून तो जत्रेच्या गावी गेला तो तिथंच रमला.

जनावरांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे ओवायचा सण आला. मक्याच्या दारूचे माठ भरले, ढोल घुमले आणि फोर्तुनातो अवतरला. मागे जनरल, गळ्यात निळी फीत, चाल अशी की माळ त्याच्या आज्यानं आंदण दिलेला.

"सोडा रे त्याला!" फोर्तुनातो गरजला.

जनरल पहिल्या मादीकडे गेला. राजी असलेली मादी खाली बसते. ही बसली नाही. तिनं कान मागे पाडले आणि हिरवीगार पिचकारी थेट जनरलच्या तोंडावर सोडली. दुसरीनंही तेच केलं. तिसरीनं तर फीतच रंगवली.

मादी थुंकली म्हणजे गाभण, हे माळावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. ढोल थांबले. सगळ्यांच्या माना शेजारणीच्या, काझिमिराच्या, नराकडे वळल्या. ठिपकेदार, एक कान फाटका, नाव पिसू. भिंतीपलीकडे तो सणाच्या जेवणानंतरच्या जावयासारखा पसरला होता.

"तायता," काझिमिरा वडीलधाऱ्याला हाक मारावी तशा आदबीनं म्हणाली, "तुमचं वरातीमागून घोडं आलं हो!"

फोर्तुनातोनं बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे सुईत लोकर ओवत होती.

"बघतोस काय? तू फीत आणलीस, मी पिल्लं आणली."

माळ खदखदून हसला. दुसरा कुणी जमिनीत गेला असता. फोर्तुनातोनं पेला रिकामा केला, दोन्ही हात उंचावले. "हसा! पण नुसत्या नजरेनं, तीही लांबून, वाडगंभर माद्या गाभण करणारा नर पाहिलाय कुणी?"

"आणि ठिपके निघाले तर?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"नजर लांबून पडली की ठिपके येतातच!"

पुढच्या पावसात ठिपकेच निघाले. तपकिरी पिल्लं, करडी पिल्लं, एक तर अर्धं काळं. वाडग्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गाव मुद्दाम बघायला आलं, तेव्हा फोर्तुनातो चिखलात गुडघे टेकून, जत्रेत घातलेल्या त्याच पोंचोनं, ओलं पिल्लू पुसत होता.

"तायता, बर्फ जरा मळका पडलाय," काझिमिरानं टोमणा मारला.

त्यानं मान वर केली नाही. जनरलनं थुंकीचा असा धसका घेतला होता की मादी दिसली तरी तो तोंड फिरवायचा. आणि गवत तर ओलं होतं, माद्या फळायचे हेच दिवस.

"पिसूला सोड आत," फोर्तुनातो पुटपुटला. "आजच."

"आणि जनरल?" बेनेदिक्तानं विचारलं.

"तो नजर ठेवील की!"