सामंत मॅडमचे एक, दोन, तीन

हॉस्पिटलात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते ॲप्रनच्या खिशात आपोआप साठतात. ॲप्रन धोब्याकडे जातो, किस्से मागे राहतात! माझ्याकडचे बहुतेक एकाच वॉर्डातले. ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका हॉस्पिटलात मी शिकाऊ डॉक्टर होतो. आमच्या वॉर्डात फक्त तोंड फुटलेली माणसं यायची. गाल, नाक, जबडा. आणि तिथे राज्य आमच्या सर्जन सामंत मॅडमचं. उंची पाच फूट, आवाज सहा फूट.

* * *

माझ्या पहिल्याच दिवशी एक ट्रक ड्रायव्हर आला. चेहरा इतका सुजलेला की डोळे शोधावे लागत होते. मी म्हटलं, "मॅडम, एक्स-रे येऊ दे, मग सांगतो काय मोडलंय ते."

"एक्स-रे येईल तेव्हा येईल. तुझे हात आलेत ना?"

त्यांनी त्याचं कपाळ धरलं आणि मला त्याचे वरचे दात चिमटीत धरून अलगद हलवायला लावलं. "नुसते दात हलले तर एक. नाकही हललं तर दोन. अख्खा चेहरा हलला तर तीन. बोल!"

मी हलवलं. दात, नाक, गाल, डोळ्यांच्या खालच्या कडा, सगळं एकदम हललं. जिवंत माणसाचा चेहरा सुटा होऊन माझ्या चिमटीत होता! मी तो तसाच धरून उभा राहिलो.

शेवटी तो ड्रायव्हरच पुटपुटला, "बोलो ना डॉक्टरसाब, कितना है?"

* * *

आमचा रेकॉर्ड क्लार्क परब, मालवणकडचा. त्याच्याकडे कोडचं जाडजूड पुस्तक. काय मोडलं त्याचा एक नंबर, कशामुळे मोडलं त्याचा दुसरा. नंबर घातल्याशिवाय केस पेपर हलायचा नाही.

दहीहंडीच्या दिवशी घाटकोपरहून एका मंडळाचे तिघे आले. थर कोसळलेला. कोणी काही सांगायच्या आत मॅडमनी पहिल्याच्या गालावर बोटं फिरवली. "हाड आत गेलंय. वरच्याचा गुडघा. तू खालच्या थरात होतास, आणि वर बघत होतास."

दुसऱ्याला म्हणाल्या, "हनुवटी फुटलीय आणि दुखतंय दोन्ही कानांपुढे. सरळ तोंडावर आलास. तू सगळ्यात वरचा."

तिसऱ्याचं नाक एका बाजूला वाकलेलं. "आणि तू रे? हंडी समोर होती ना? मग मान गॅलरीतल्या पोरींकडे कशाला?"

पहिला बाकीच्या दोघांना म्हणाला, "आयला, मॅडम बघायला आल्या होत्या काय!"

तिकडे परब पुस्तक उलटसुलट करून घामाघूम. "मॅडम, वरचो पडलो, तेका कोड आसा. पण ह्यो खालचो खंय पडलो? ह्येच्यार दुसरो पडलो!"

"मग 'माणूस अंगावर पडणे' बघा."

"गावणा नाय. घोड्याचो आसा. घोडो लावू?"

* * *

मोडलेला जबडा बसवला की वरचे-खालचे दात तारेने घट्ट बांधायचे. दीड महिना तोंड बंद, सगळं पातळ, तेही नळीने. उलटी झाली तर माणूस गुदमरू नये म्हणून तार कापायची छोटी पक्कड प्रत्येकाच्या गळ्यात. हा मॅडमचा कायदा.

खारदांड्याची जनाबाई कोळीण धक्क्यावर घसरून जबडा मोडून आली. दात बांधायचं ऐकल्यावर म्हणाली, "तोंड बांधून म्हावरा इकाचा कसा, बाय?" मॅडम म्हणाल्या, घरी बसा. ती कसली बसते!

पुढच्याच आठवड्यात मी मार्केटात गेलो, तर टोपली मांडून बाई हजर. दात गच्च आवळलेले, गळ्यात पक्कड. एक अक्षर बोलत नव्हती. पण शेजारणी ओरडून ओरडून बेजार आणि गर्दी हिच्यापुढे! एका गिऱ्हाइकाने पापलेट नाकाला लावून घासाघीस सुरू केली. जनाबाईने शांतपणे गळ्यातली पक्कड उचलली आणि त्याच्या नाकासमोर दोनदा उघडून मिटली.

त्याने मुकाट्याने पूर्ण भाव दिला.

* * *

नाक बसवण्याआधी मॅडम घरच्यांकडून जुना फोटो मागवायच्या. बोरिवलीच्या एका मास्तरांच्या पत्नीने लग्नातला फोटो आणला. मॅडमनी त्याबरहुकूम नाक असं सुरेख बसवलं की आम्ही बघतच राहिलो. पट्टी काढली. बाई लांबून बघत होत्या, पुढे येईनात.

"काय झालं? फोटोसारखंच आहे ना?"

"फोटोतलं नाक स्टुडिओवाल्याने ब्रशने सरळ केलंय हो," बाई रडकुंडीला आल्या. "इतकी वर्षं ज्या वाकड्या नाकाशी भांडले, ते कुठे गेलं?"

तेव्हापासून मॅडम फोटो दोन मागवू लागल्या. एक तरी भांडताना काढलेला हवा, असं परब म्हणायचा.

* * *

आणि अंतोन. अंधेरीच्याच गावठाणातला, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. टेम्पोने उडवलं. वरचा जबडा 'दोन', खालचा पुढून मोडलेला. बोलता येईना म्हणून पाटीवर त्याने एकच शब्द लिहिला : "वाजेल?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याच्या बँडवाल्यांना ओपीडीत बोलावलं. एकेकाला फुंकायला लावून त्याच्या जबड्यावर बोटं ठेवून बसल्या. दुपारभर ओपीडीत नुसता गोंगाट! मग म्हणाल्या, "फुंकताना हे सगळे खालचा जबडा जरासा पुढे आणतात. तेवढी जागा त्याला राहिली पाहिजे." त्या हिशोबाने त्यांनी त्याचे दात बांधले.

तार सुटली. अंतोनने ट्रम्पेट ओठांना लावला. नुसती हवा. पुन्हा फुंकलं. फुस्स.

मग दर सोमवारी तो यायचा, रांगेत उभा राहायचा, फुंकायचा. फुस्स! एकदा म्हणाला, "मॅडम, जेवायला तोंड दिलंत, देव तुमचं भलं करो. पण माझं तोंड कुठाय?" मला त्याच्याकडे बघवेना. पुढच्या सोमवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही.

परबने विचारलं, "मॅडम, जेवता, बोलता, चालता. 'बरो' लिवन पेपर बंद करू?"

"वाजवतो का?"

"तेका कोड नाय, मॅडम."

"मग उघडा राहू दे."

कित्येक महिने गेले. एका सकाळी राउंड चालू असताना खालच्या रस्त्यावरून बँड ऐकू आला. मॅडम एकाचा जबडा तपासत होत्या. बोटं तिथेच थांबली. एक सूर चिरकला, सावरला आणि मग लांबलचक, स्वच्छ चढत गेला. मॅडम खिडकीकडे धावल्या, मागोमाग आम्ही.

खाली मयत चाललं होतं. खांद्यावर काळी पेटी, पुढे पाद्री, मागे रडणाऱ्या बायका. आणि बँडमध्ये सगळ्यात पुढे, काळ्या कोटात, गाल फुगवून अंतोन.

मॅडम जोरजोरात टाळ्या वाजवायला लागल्या. मयताची माणसं मान वर करून बघत राहिली. मी त्यांचा हात धरायला गेलो, तर त्यांनी मला कोपराने ढकललं आणि ओरडल्या, "वन्स मोअर!"