डबीतला रुपया

आमच्या तेलीबांध्याच्या इमारतीतले एक काका आनंदात असले की शब्द दोनदा म्हणतात. घराच्या रंगकामासाठी ठेवलेल्या पैशांत त्यांनी चांदीचा एक जुना रुपया घेतला. तो प्लास्टिकच्या सीलबंद डबीत होता आणि डबीवर नाणी तपासणाऱ्या संस्थेने ठरवलेला त्याचा दर्जा छापलेला होता.

"भाव या दर्जाचा आहे. सील तुटलं की खतम! खतम!" ते भेटेल त्याला सांगत.

काकूंनी रंगाचा तगादा लावला, तेव्हा ते मला घेऊन गोल बाजारात रुपया विकायला गेले. सराफाने डबी उलटसुलट पाहिली.

"दर्जा ठीक है भैया, पर लेनेवाला कौन है? मैं तो चांदी का ही भाव दूंगा."

काका बाहेर आले, स्कूटरपाशी थांबले आणि त्यांनी डबी टाचेखाली कचकन फोडली.

"काका, काहून फोडून राहिले?" मी ओरडलो.

"अरे, घेतल्यापासून मी याले हातच नाही लावला!"

त्यांनी नखाने रुपया उडवला. तो खणखणत फिरला, त्यांनी झेलला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काकूंना काय सांगणार, हा प्रश्न माझ्या ओठांवर होता.

"काका," मी म्हणालो, "एकदा मले द्या ना."